कर्करोग गेला, पुढचे काय?

मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा कर्करोग वेळेत सापडला तर बरा होतो, हे आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. बरे झाल्यावर काय भोगावे लागते, यावर मात्र कोणी बोलत नाही. गुदाशयाचा भाग काढला की मल साठवायची जागाच कमी होते. माझ्या मेहुण्यांना शस्त्रक्रियेनंतर काही वर्षे उलटूनही सकाळी सात-आठ वेळा शौचाला जावे लागते, आणि तेही तातडीने. एसटीने जायचे म्हटले की ते आदल्या रात्रीपासून जेवत नाहीत. ऑक्सॅलिप्लॅटिन या केमोथेरपीच्या औषधाने हातांची बोटे आणि तळपाय इतके बधिर झालेत, की चप्पल निसटली तरी कळत नाही. शर्टाची बटणे बहीण लावून देते.

तपासणीला गेले की सीईए (कर्करोग परतल्याचा सुगावा देणारी रक्ततपासणी) आणि स्कॅनचा रिपोर्ट पाहून डॉक्टर 'सगळे उत्तम' म्हणतात. शौचाचे, लघवीचे, झोपेचे कोणी विचारत नाही. लैंगिक अडचणींचे तर नावच नको! वास्तविक आहारातला बदल, औषधे आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम यांनी बऱ्याच जणांना आराम पडू शकतो. जिल्हा रुग्णालयांत अशा रुग्णांसाठी आठवड्यातून एक दिवस तरी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग चालवावा. एसटी स्थानकांवर पाणी असलेले, कडी लागणारे कमोड आणि स्टोमा बॅग (पोटावर केलेल्या छिद्रातून येणारा मल साठवणारी पिशवी) बदलताना सामान ठेवायला एक फळी, एवढे तरी महामंडळाने करावे.

– एक वाचक, कराड