बाबांच्या पायांचे साचे

प्रिय ताई,

सा. न.

बाबांचे बूट मी इकडे घरीच शिवणार, हे पक्कं. अंगठ्याच्या मुळाशी वाढलेलं हाड आणि उजव्याहून लांब डावा पाय, हे दुकानातल्या जोडीला जमणारं नाही. युरोपीय मापात प्रत्येक नंबर ६.६७ मिलिमीटरने वाढतो आणि जोडीतले दोन्ही बूट एकाच नंबरचे. रुंदीसाठी मोठा नंबर घ्यावा तर टाच सैल पडते, आणि त्यांच्या वयात ते मला धोक्याचं वाटतं.

ज्यावर बूट शिवतात तो पायाच्या आकाराचा ठोकळा, म्हणजे फर्मा, मी करेन, साचे मात्र तुलाच घ्यावे लागतील. संध्याकाळी घे, दिवसभरात पाय थोडे फुगतात. कुठे जखम असेल तर ती बरी होईपर्यंत थांब. आधी बाबांना कागदावर उभं करून, पेन्सिल सरळ उभी धरून दोन्ही पाय आखून घे, चवड्याचा घेर टेपने मोज. मग पायावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी आणि पुढून, नडगीपासून बोटांपर्यंत, एक जाड प्लॅस्टिकची पट्टी. वरून हाड मोडल्यावर लावतात ते प्लास्टर बँडेज ओलं करून तीन-चार थर गुंडाळ. खुर्चीचा आधार घेऊन बाबांनी दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभं राहावं, कारण उभं राहिलं की पाय पसरतो, आणि मला तोच पाय हवा आहे. घट्ट होताना पाय गरम लागेल. प्लास्टरचा तो गुणच आहे, आधी सांगून ठेव. कडक झालं की त्या पट्टीवरूनच काप, म्हणजे कातडीला कात्री लागणार नाही. साचे पूर्ण वाळले की आत कागद कोंबून, डावा-उजवा लिहून पाठव.

इकडे त्यात प्लास्टर ओतलं की हुबेहूब पाय मिळेल, पण तो अजून फर्मा नव्हे. चालताना पाय पुढे सरकतो, म्हणून बोटांपुढे सुमारे १२ मिलिमीटर बूच चिकटवायचं. टाचेकडे कानशीने किंचित घासायचं, म्हणजे बूट टाच धरून ठेवतो. हाडाचा उंचवटा मात्र जसाच्या तसा राहणार. सगळा खटाटोप त्याच्यासाठीच तर आहे! मग फर्म्यावर कागदी चिकटपट्टी लावून त्यावर बुटाच्या रेघा मारायच्या आणि ती सोलून सपाट केली की चामडं कापायचा नमुना तयार. पहिली जोडी साध्या कापडाची करून पाठवेन. बाबांनी ती घरात घालून चालावं आणि कुठे टोचतं ते तू खडूने खूण करून कळव. चामड्याला त्यानंतरच हात लावेन.

त्यांना नाडी हवी की पट्टा, तेही विचार. वाकायला त्रास होत असेल तर पट्टाच बरा.

आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ