जत्रेतली शर्यत

आउदेनार्डे, बेल्जियम
१९ ऑगस्ट

प्रिय बंड्या,
सप्रेम नमस्कार.

काल सायकलची शर्यत पूर्ण केली रे! सहाव्या खेपेला. अकरा फेऱ्या, एकशे चौदा किलोमीटर, आणि मला कुणी बाहेर काढलं नाही. आधीच्या पाच शर्यतींबद्दल मी तुला फोनवर धड काही सांगितलं नाही. तू विचारलंस की "पाऊस होता" म्हणून विषय बदलायचो. ते मनाला लागून राहिलं होतं, म्हणून आज सविस्तर लिहायला बसलोय.

इथल्या या शर्यतींना केर्मिसकुर्स म्हणतात. केर्मिस म्हणजे मुळात चर्चची मिस्सा, म्हणजे सामुदायिक प्रार्थना, पुढे त्या शब्दाचा अर्थच गावची जत्रा असा झाला. चौकात पाळणे, तळलेल्या बटाट्यांचा वास, खांद्यावर बसलेली पोरं. आपल्याकडे जत्रेला कुस्त्यांचा फड लागतो, तशी इथे सायकल. नाव नोंदवायचं ते गावातल्या कॅफेत. काउंटरवर बिअरचे ग्लास भरले जातायत आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी पंच परवाने तपासतायत. माझा परवाना आणि आपल्या सायकल फेडरेशनचं पत्र त्यांनी दोनदा वाचलं, अनामत घेतली, नंबर हातात दिला. शेजारचे आजोबा त्या वेळी यादीवर पेन्सिलीने खुणा करत होते. कोण कुठल्या संघाचा, गेल्या आठवड्यात कितवा आला, सगळं त्यांना तोंडपाठ. आखाड्याच्या कडेला बसून पोराची मांड बघूनच त्याचा वस्ताद ओळखणारी म्हातारी माणसं असतात ना, तीच नजर. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

पहिली शर्यत सुटल्यावर मात्र घर वगैरे काही राहिलं नाही. पहिल्याच किलोमीटरला वेगाच्या मीटरवर ताशी ५३ चा आकडा. फेरी दहा किलोमीटरची, रस्ते आपल्या शेतातल्या पाणंदीपेक्षा थोडे रुंद, आणि वळणं मोजता मोजता थकावं इतकी. पुढचे दहा जण वळणावर जेमतेम ब्रेकला बोट लावतात. मागचा ऐंशीवा जवळजवळ थांबतो, आणि मग तुटलेलं अंतर भरून काढायला उभं राहून जीव तोडून मारावं लागतं. प्रत्येक वळणाला. बोपदेव घाटात आपण वर्षभर जे कमावलं ते मी पाऊण तासात वळणांवर उधळलं. फार मागे पडलो म्हणून चौथ्या फेरीला पंचांनी हात करून बाहेर काढलं. दुसऱ्या शर्यतीत पाचव्या फेरीला, तिसऱ्यात पुन्हा चौथ्या.

चौथ्या शर्यतीत पडलो. इथे बरेच गावरस्ते काँक्रीटच्या लाद्यांचे आहेत आणि मधोमध लांबच लांब सांधा असतो. पुढच्याच्या चाकावर नजर खिळलेली, सांधा दिसलाच नाही. पुढचं चाक त्यात अडकलं आणि मी कमरेवर घसरत गेलो. समोरच्या घरातून एक आजी बादली घेऊन आल्या. फ्लेमिशमध्ये सतत काहीतरी बोलत त्यांनी जखम धुतली, औषध लावलं. एक शब्दही कळला नाही. त्यांचा हात कोपरावर होता तेवढ्याने आई आठवली. (घरी हे सांगू नकोस. भरलंय आता सगळं.)

पण खरी गोष्ट वाऱ्याची आहे. सपाट मुलूख, मक्याचं शेत संपलं की आडवा वारा थेट अंगावर. आपण ड्राफ्टिंग म्हणजे वारा कमी लागावा म्हणून पुढच्याच्या बरोबर मागे राहायचं एवढंच शिकलो. आडव्या वाऱ्यात त्याचा उपयोग नाही. वारा डावीकडून असेल तर पहिला रस्त्याच्या डाव्या कडेला, दुसरा त्याच्या किंचित मागे उजवीकडे, तिसरा आणखी उजवीकडे, अशी तिरकी रांग. तिला ही माणसं वाय्यर म्हणतात, म्हणजे पंखा. पुढचा ओढून झाला की वाऱ्याच्या बाजूने मागे सरकतो आणि टोकाला जाऊन पुन्हा आडोशात शिरतो. रस्त्याच्या रुंदीत दहा-बारा जण मावतात. तेराव्याला जागा नाही. तो उजव्या कडेच्या हातभर गटारपट्टीवर एकटा वारा खात राहतो आणि तिथेच मोडतो. पाच शर्यती मी तेरावा होतो, बंड्या. ताकद कमी नव्हती. माझी जागा चुकत होती.

काल सकाळी फेरीचा रस्ता दोनदा हळू फिरून आलो. मका कुठे संपतो, वारा कुठल्या वळणानंतर आडवा होतो, ते पाहून ठेवलं. शर्यतीत त्या वळणाच्या किलोमीटरभर आधी, सगळे श्वास घेत असताना, मी पुढे सरकायचो. सातव्या फेरीला पंखा उघडला आणि मी आत होतो. डावीकडच्याचा खांदा माझ्या खांद्याला टेकलेला, माझं पुढचं चाक त्याच्या पेडलच्या शेजारी. मी सुटून मागे आलो तेव्हा शेवटच्या माणसाने मान न वळवता वीतभर जागा सोडली. एक शब्द नाही. त्या वीतभर जागेसाठी मी इतक्या लांब आलो होतो असं त्या क्षणी वाटलं.

अडतिसावा आलो. बक्षिसं पहिल्या तीस जणांना, पाकिटं त्याच कॅफेत वाटली. नंबर परत केला, अनामत घेतली, खुणावाल्या आजोबांनी यादी दाखवली. माझ्या नावापुढेही एक खूण होती.

कोपेनबर्गचा दगडी चढ एकदा सरावात चढलो, २२ टक्के, मागचं चाक सारखं घसरतं. 'टूर ऑफ फ्लँडर्स'चं संग्रहालयही पाहिलं. १९१३ पासूनची शर्यत, तिच्याबद्दल भेटीत बोलू, तासभर लागेल.

आता तुझ्याकडे काम आहे. मुंबई-पुणे शर्यतीत बोर घाटात "घाटाचा राजा" व्हायचं म्हणून आपण सगळे एकेकटे चढ मारत बसलो. आपली पोरं दमदार आहेत, पण खांद्याला खांदा लागला की ब्रेक दाबतात. त्यांना बारा जणांत राहायला कुणी शिकवलंच नाही. मी ५ सप्टेंबरला येतोय. तोवर वारा असेल. येणाऱ्या रविवारी दिवे घाट चढून सासवडच्या माळावर जा आणि कुठला रस्ता वाऱ्याला आडवा जातो ते बघून ठेव. रहदारी कमी आणि दोन्हीकडे उघडं रान हवं. बारा जण जमव. आठ मिळाले तरी चालतील, आपण रस्ता अरुंद धरू.

काकूंना नमस्कार सांग.

तुझाच,
नाना