विषय: तुमच्या रिपोर्टात 'ओरिजिनल जीटी', गाडीच्या पत्र्यावर मात्र वेगळंच – तक्रार

नमस्कार,

मी तुमच्याकडून एका जुन्या गाडीचं खरेदीआधीचं इन्स्पेक्शन करून घेतलं होतं, १९६५ ची फोर्ड मस्टँग, फास्टबॅक (म्हणजे मागे उतरत्या छपराची). विकणारा म्हणत होता की ही फॅक्टरीतून आलेली जीटी आहे, म्हणजे जास्त पॉवरच्या इंजिनावर मिळणारं खास पॅकेज असलेली. मला त्यातलं थोडंफार कळतं पण खात्री नव्हती म्हणूनच तुम्हाला पैसे दिले. तुमचा बावीस पानी रिपोर्ट आला, त्यात 'ओरिजिनल जीटी', 'मॅचिंग नंबर्स' (म्हणजे इंजिन ह्याच गाडीचं मूळचं), 'कागदपत्रं जुळतात' असं सगळीकडे हिरवं टिकमार्क. त्या भरवशावर गाडी घेतली.

भांडं फुटलं ते ब्रेकवरून. पॅड बदलायला गाडी मेकॅनिककडे नेली, त्याने पुढचं चाक काढलं आणि म्हणाला हे कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) ह्या सालचं नाहीच. त्या काळच्या मस्टँगच्या डिस्क ब्रेकला चार पिस्टनचं कॅलिपर असायचं, ह्याला एकच पिस्टन आहे, म्हणजे १९६८ किंवा त्यानंतरचा माल. तुमच्या रिपोर्टात पान ९ वर लिहिलंय 'पुढचे डिस्क ब्रेक – फॅक्टरी'. चाक न काढता हे कसं कळलं तुम्हाला?

मग शंका आली आणि आम्ही दोघं नंबर बघायला बसलो. ह्या गाडीच्या चासी नंबरात पाचवं अक्षर इंजिनाचं असतं हे तुम्हाला मी सांगायची गरज नसावी. १९६५ ला 'सी' म्हणजे २८९ क्युबिक इंचाचं दोन बॅरल कार्ब्युरेटरवालं २०० हॉर्सपॉवरचं इंजिन, 'ए' म्हणजे चार बॅरलचं २२५ चं, आणि 'के' म्हणजे २७१ चं. जीटी पॅकेज फक्त 'ए' आणि 'के' वरच मिळायचं. 'सी' ची जीटी फॅक्टरीने काढलीच नाही, विषय संपला.

दारावरच्या पाटीवर 'ए' आहे. तुमच्या रिपोर्टात तिचा मस्त क्लोजअप फोटो आहे आणि खाली 'नंबर तपासला'. अहो ती पाटी दोन रिव्हेटवर असते, नवीकोरी बनवून मिळते, हव्या त्या अक्षराची! खरा नंबर इंजिनाच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो, डाव्या फेंडरला त्यासाठी खाच ठेवलेली असते, बॉनेट उघडलं की दिसायला हवा. माझ्या गाडीत तिथे गुळगुळीत पुट्टी आणि वर काळा रंग होता. आम्ही हळूहळू खरवडलं तर खाली 'सी'. बरं तुमच्याच पान ६ वरच्या फोटोत ती खाच दिसते, आत नंबर नाही, नुसता रंग, आणि तुमच्या माणसाला एकदाही वाटलं नाही की अरे नंबर कुठे गेला?

इथे माझीही चूक आहे, लपवत नाही. नोंदणीच्या कागदावर 'सी' च आहे, मी तो कागद दहादा वाचला आणि एक अक्षर नजरेतून सुटलं. पण माझं ठीक आहे हो, मी नवीन गाडीच्या नादात होतो, तुम्ही तर ह्याच कामाची फी घेता ना. पाटीवर 'ए', कागदावर 'सी', आणि तुमचा शेरा काय तर 'कागदपत्रं जुळतात'.

इंजिनाचंही सांगतो. स्टार्टर मोटर काढल्यावर ब्लॉकवर ओतकामाची तारीख सापडली, ६ बी ९, म्हणजे १९६६, फेब्रुवारी, ९ तारीख. दारावरच्या पाटीप्रमाणे गाडी मे १९६५ ची. पाटी खोटी धरली तरी फेब्रुवारी १९६६ मध्ये कोणी १९६५ चं मॉडेल बनवत नव्हतं. गाडी आधी आणि तिचं इंजिन नंतर ओतलं, ह्याला तुम्ही मॅचिंग नंबर्स म्हणता? जीटीच्या एक्झॉस्टसाठी मागच्या फ्रेमला फॅक्टरीत वेल्ड केलेल्या जाड पट्ट्या असतात त्याही नाहीत, आणि मागच्या पत्र्यात पाइपासाठी पाडलेली भोकं हाताने कापलेली दिसतात, कडा अजून खरखरीत आहेत. गाडीखाली कोणी वाकलं तरी होतं का?

तुमच्या कस्टमर केअरला फोन केला तर मॅडम म्हणाल्या 'सर आम्ही फॅक्टरी रेकॉर्डशी ताडून बघितलंय'. फोर्डच्या रेकॉर्डवरून जो मार्टी रिपोर्ट मिळतो तो १९६७ पासूनच्या गाड्यांचा असतो. १९६५ चं कुठलं रेकॉर्ड तुम्ही उघडलंत ते मलाही बघायचंय, पाठवा.

आणि मला खरा राग कशाचा आलाय माहितीये? विकणाऱ्याच्या जाहिरातीत हॉर्सपॉवर चुकून २५५ छापलं होतं. २२५ च्या ऐवजी २५५. तुमच्या रिपोर्टात पान ३ वर पण २५५! म्हणजे जाहिरात समोर ठेवून रिपोर्ट भरलाय, विकणारा जे बोलला ते तुमच्या लेटरहेडवर टाइप करून मलाच विकलंत.

गाडी वाईट आहे असं मी म्हणत नाही, 'सी' कोडची फास्टबॅक पण छान गाडी आहे आणि मला ती आवडते, पण मग ती 'सी' च्या भावाने घेतली असती ना. आता विकणाऱ्याकडे गेलो तर तो तुमचाच रिपोर्ट माझ्यापुढे नाचवतो, म्हणतो तुम्हीच आणलेल्या माणसाने ओरिजिनल म्हटलंय, आता माझ्याकडे कशाला आलात. ज्या कागदाने मला वाचवायचं तोच त्याची ढाल झालाय.

म्हणून सरळ सांगतो काय हवंय. फी पूर्ण परत पाहिजे, पुढच्या इन्स्पेक्शनवर डिस्काउंट वगैरे नको. जुना रिपोर्ट चुकीचा होता असं सही-शिक्क्यानिशी लेखी द्या आणि त्यात कुठल्या गोष्टी प्रत्यक्ष बघितल्या, कुठल्या बघितल्याच नाहीत हे स्पष्ट लिहा, कारण विकणाऱ्याशी पुढे जे काही होईल त्यात मला ते लागणार आहे. त्या दिवशी काढलेले सगळे मूळ फोटो पण द्या, रिपोर्टात घातलेले तेवढेच नकोत. आणि तुमचा माणूस गाडीपाशी किती वेळ होता तेही कळवा. विकणारा म्हणतो वीस मिनिटं, चहा पिऊन गेला. त्याच्या बोलण्यावर आता माझा विश्वास नाही पण हे मात्र पटतंय.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्या, नाहीतर ग्राहक तक्रार दाखल करतो. सोबत पत्र्यावरच्या नंबरचा, ब्लॉकवरच्या तारखेचा, कॅलिपरचा फोटो आणि त्या जाहिरातीची प्रत जोडली आहे.

गाडी आहे तशीच उभी ठेवली आहे, पुट्टी खरवडलेली, स्टार्टर बाहेर. परत बघायला कोणाला पाठवणार असाल तर पाठवा, फक्त ह्या वेळी टॉर्च आणि जॅक देऊन पाठवा.

तुमचा ग्राहक
(रिपोर्ट नंबर आणि फोन नंबर ईमेलमध्ये दिला आहे)