पुण्याहून मनूला

कोथरूड, पुणे
फाल्गुन शुद्ध दशमी

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास ते मनातून जात नाही. "आई, तू फक्त दम्याच्या पंपाची चौकशी करायला फोन करतेस," म्हणालीस. म्हणून ठरवलं, आज निवांत पत्र लिहायचं आणि तो विषय काढायचा नाही. इकडचं सांगते.

हवेचा सध्या काही नेम नाही. पहाटे टेकडीवर जाताना स्वेटर, कानाला स्कार्फ, आणि दुपारी पंखा पाचवर. परवा शिवाजीनगरला पहाटे १२ अंश आणि दुपारी ३५. बाबा पेपरातली ती चौकट रोज मोठ्यानं वाचतात. आकाश कोरडं आणि निरभ्र असलं की जमिनीची सगळी ऊब रात्रीतून निघून जाते, आणि ढग आले की रात्र एकदम उकडते. काल संध्याकाळी तसेच ढग आले, वारा सुटला, चार थेंब पडले आणि संपलं. सासवडच्या काकूंचा लगेच फोन. मिठ्या बहाराची अंजिरं अजून झाडावर आहेत, गारा पडल्या तर सगळंच गेलं. तुमच्याकडे दिल्लीत पश्चिमी झंझावातानं पाऊस झाला असं बातम्यांत होतं. भिजली नाहीस ना?

स्वयंपाकघरासमोरच्या शेवग्याची एक फांदी पावसाळ्यात वाळली होती. सोसायटीवाले तोडणार होते, बाबांनी तोडू दिली नाही. तिच्या खालच्या अंगाला आता तांबटानं भोक पाडायला घेतलंय. नर-मादी आळीपाळीनं येतात. एक जण भोकात डोकं घालून टोकरतो, मग मागे सरकून चोचभर भुसा बाहेर झटकतो. तो सगळा माझ्या तुळशीवर पडतो. पडू दे. एवढासा जीव, हिरवी पाठ, कपाळावर कुंकू लावल्यासारखा लाल टिळा, चोचीच्या मुळाशी राठ मिशा. दुपारी काम थांबलं की शेंड्यावर बसून टुक टुक टुक सुरू. मी ओट्याशी उभी राहून नीट बघितलं, आवाज काढताना त्याची चोच मिटलेली असते. नुसता गळा फुगतो आणि बसतो, फुगतो आणि बसतो. बघता बघता मी मोजायलाच लागले. कराडच्या लग्नातल्या रात्री तुझ्या गळ्याखालचा तो खळगा असाच आत-बाहेर होत होता आणि मी मोजत होते. तू सात वर्षांची होतीस. दादा जिनसांच्या खोलीत पंप शोधत होता आणि पंप इथे पुण्यात फ्रिजवर. साताऱ्यापर्यंतचा तो रस्ता बाबांनी कसा काढला, ते अजून बोलत नाहीत.

असो. टेकडीचं सांगत होते.

वेताळ टेकडीवर गवत पार वाळलंय. खाणीच्या बाजूला एका पट्ट्यात कुणीतरी काडी टाकली, काळं होऊन गेलंय ते. पण त्याच्या पलीकडे गिरिपुष्पाला पान नाही आणि फांद्या गुलाबी फुलांनी लगडल्यात. उतारावरची ती जुनी काटेसावर फुललीय. सकाळी सातला तिच्यावर भोरड्यांचा असा कालवा असतो की शेजारी चालणाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही. फुलात तोंड घालून मध पितात, डोक्यावर पराग माखून घेतात, मग सगळ्या एकदम उडतात आणि परत येऊन बसतात. महिनाभरात निघतील मध्य आशियाकडे, अंडी घालायला. साळुंक्या, बुलबुल, कावळे, एक खारसुद्धा त्याच झाडावर. मोर दोनदा ओरडला, दिसला नाही. शिंजिराचा नर पाहिला, अजून अर्धवटच रंगलेला. पोट पिवळट, गळ्यापासून खाली एक काळी रेघ, आणि खांद्यावर निळी-जांभळी चमक येऊ लागलेली. तू असतीस तर तिथेच बैठक मारली असतीस. चौथीत असताना टिटवीची अंडी खड्यांत सापडली, तेव्हा "कुणी पाय देईल" म्हणून उन्हात राखण करत बसली होतीस. मला तो तुझा हट्ट फार आवडायचा, अजून आवडतो.

आणि वावळ. पायवाटेवरचे सगळे वावळ फुलून गेले, आता हिरव्या चकत्यांचे घोस लोंबतायत. लहानपणी सोलून आतलं बी खायचो आपण. दिल्लीत ही झाडं भरपूर आहेत, तिकडे चिलबिल किंवा पापडी म्हणतात, आणि त्यांचा फुलोरा याच दिवसांतला. तुझ्या हातावर पेनानं रेघोट्या मारून ती ॲलर्जीची टोचण्याची चाचणी केली होती, त्यात सगळ्यात मोठी गांध वावळाच्या परागाची आली होती. आठवतंय ना? हा पराग वाऱ्यावर जातो, फूल दिसायलासुद्धा लागत नाही. कोरड्या, वाऱ्याच्या सकाळी सगळ्यात जास्त.

म्हणून सांगते मनू, निळा पंप धाप लागल्यावरचा. दुसरा रोजचा. बरं वाटत असलं तरी रोज सकाळ-संध्याकाळ, स्पेसरची नळी लावून, आणि नंतर चूळ भरायची. धाप नाही म्हणजे दमा गेला असं नसतं, आत सूज असते, ती रोजच्या औषधानंच दबते. आणि निळा पंप आठवड्यात दोनदापेक्षा जास्त लागायला लागला तर वाट बघत बसायचं नाही, डॉक्टरकडे जायचं. नानांनी काय केलं? बरं वाटलं की औषध कपाटात. पुढचं तुला माहीत आहे.

बघ, शेवटी लिहिलंच मी. माफ कर. तू सव्वीस वर्षांची आहेस, स्वतःचं औषध तुला कळतं, आणि तू चिडलीस ते बरोबरच होतं. पण लिहिलेलं खोडत नाही.

तुझा तो भुयाराच्या तोंडाशी उभी असलेला फोटो बाबांनी मोबाईलवर मोठा करून सगळ्या मजल्यांवर दाखवला. हेल्मेट, पिवळं जाकीट, हातात नकाशा. तळमजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "जमिनीखाली रेल्वे बांधते आपली मनू?" मी हो म्हणाले आणि घरात येऊन रडले. आनंदानंच. आपल्या घरात एवढ्या लांब, एवढ्या मोठ्या कामावर कुणी गेलं नव्हतं. फोटोत मास्क मात्र गळ्यात दिसतोय, तोंडावर नाही. सिमेंटची धूळ असते तिथे. फोटोपुरता काढला असशील, असं मी धरून चालते.

तुझ्या खोलीवरून सावर दिसते का गं? तिकडे तिला सेमल म्हणतात, आता फुलली असेल. तांबट तर दिल्लीतही असतो. सुट्टीच्या दिवशी रिजवर, त्या जंगलाच्या टेकड्यांवर जा, मैत्रिणीबरोबर जा, उन्हं वर आली की जा. पहाटे गारठ्यात नको.

दादाचा मित्र मंगळवारी विमानानं येतोय, त्याच्याबरोबर डबा देते. पुरणपोळ्या होळीआधी पोहोचतील, दोन दिवस टिकतील, फ्रिजमध्ये ठेव. खाली कागदात गुंडाळलेला नवा स्पेसर आहे. जुन्याची झडप आता नीट मिटत नसणार, चार वर्षं झाली त्याला. होळीच्या रात्री धूर होतो तेव्हा खिडक्या लावून घे. आणि तुझ्या घरमालकीणबाईंचा नंबर मला पाठव. मी त्यांना ऊठसूट फोन करणार नाही, बाबांची शपथ. फक्त असू दे माझ्याकडे.

तुझी,
आई