डोळे बांधल्यावर काठी काय सांगते?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काठीने, सळईने किंवा लंबकाने जमिनीतले पाणी आणि पुरलेल्या वस्तू शोधता येतात का, यावर आपल्या पत्रस्तंभात चाललेली चर्चा मी आवर्जून वाचत आहे. काही वाचक ‘ही निव्वळ फसवणूक’ म्हणून विषय मिटवतात. काही जण ‘आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे’ यावर अडून बसतात. मला दोन्ही म्हणणी अपुरी वाटतात, कारण माझे सख्खे काका पाणाडे होते.

काकांच्या हातातली बेचकी, म्हणजे दोन फाटे असलेली काटकी, खरोखर वळायची. मुठी घट्ट आवळलेल्या असतानाही टोक असे खाली जायचे की काटकीचे साल पिळवटून निघायचे. जागा दाखवण्याचे त्यांनी कधी कोणाकडून पैसे घेतले नाहीत. त्यामुळे पाणाड्यांना सरसकट भोंदू म्हटलेले मला आजही लागते. फसवणारेही असतात, पण बहुतेकांचा आपल्या काठीवर मनापासून विश्वास असतो आणि मला वाटते, खरी अडचण तिथेच आहे.

काठी वळते कशी, हे कळायला फार मोठे विज्ञान लागत नाही. बेचकीची दोन टोके तळवे वर करून, थोडी बाहेर ताणून धरली की ती दाबलेल्या स्प्रिंगसारखी होते. मनगट किंचित फिरले, इतके की धरणाऱ्याला कळतही नाही, तरी ती झटक्याने खाली जाते. काटकोनात वाकवलेल्या दोन सळयांचेही तसेच आहे. मूठ जराशी कलली की सळया एकमेकींवर येतात. मनात अपेक्षा निर्माण झाली की नकळत स्नायू हलतात. 1852 मध्ये विल्यम कार्पेंटर या शरीरशास्त्रज्ञाने या क्रियेला ‘इडिओमोटर’ हे नाव दिले. त्याआधी, 1833 मध्ये, शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने स्वतःवरच केलेला प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्याच्या हातातला लंबक पाऱ्यावर धरला की हलायचा आणि मध्ये काच सरकवली की थांबायचा. मग त्याने डोळे बांधले आणि काच कधी सरकवली हे आपल्याला कळणार नाही अशी व्यवस्था केली. त्यानंतर काचेचा लंबकावर काहीही परिणाम दिसला नाही. आपल्याच अनुभवावर शंका घेण्याचे हे धैर्य मला फार मोठे वाटते.

शेव्रलबद्दल वाचल्यावर, कॉलेजात असताना, मी भीतभीतच काकांना तसेच करून बघायची गळ घातली. ते रागावतील असे वाटले होते, पण ‘चल, बघू या’ म्हणाले. एका मोकळ्या जमिनीवर त्यांनी उघड्या डोळ्यांनी जागा दाखवली, तिथे मी खिळा ठोकला. मग डोळ्यांवर पट्टी बांधून, दोन-चार गिरक्या घ्यायला लावून, त्यांना वेगवेगळ्या बाजूंनी त्याच जमिनीवरून चालवले. काठी दर वेळी वळली, आणि आधीइतक्याच जोराने वळली. दर वेळी मी खिळा ठोकत गेलो. पट्टी सोडली तेव्हा सगळ्या जमिनीवर खिळे पसरले होते आणि पहिल्या खिळ्याजवळ एकही नव्हता. काका बराच वेळ त्यांच्याकडे बघत उभे राहिले. ‘हाताला तर तेच जाणवत होतं रे,’ एवढेच म्हणाले. त्यांचा तो चेहरा आठवला की मला अजून वाईट वाटते.

मग त्यांनी दाखवलेल्या इतक्या जागी पाणी लागले कसे? याचे उत्तर जमिनीखाली आहे. पोटातल्या शिरांसारखे झरे खाली वाहतात आणि नेमकी त्यांच्यावर काठी वळते, अशी बहुतेकांची समजूत असते. चुनखडीच्या प्रदेशांत गुहांमधून वाहणारे प्रवाह असतात खरे. एरवी भूजल वाळूच्या कणांमधल्या पोकळ्यांत, मुरमात आणि खडकाच्या भेगांमध्ये साठलेले असते, आणि ते मोठ्या क्षेत्रावर पसरलेले असते. अशा बऱ्याच ठिकाणी पुरेसे खोल गेले तर थोडेफार पाणी लागतेच; कठीण खडकात मात्र भेग लागली नाही तर बोअर कोरडीही जाते. शिवाय काकांची नजर तयार होती. उतार कुठे वळतो, उन्हाळ्यातही हिरवळ कुठे टिकते, आसपासच्या विहिरींना किती खोलीवर पाणी आहे, हे त्यांना काठी हातात घेण्याआधीच ठाऊक असायचे. खाणकामावर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या अ‍ॅग्रिकोलाने 1556 मध्येच लिहून ठेवले आहे की जाणत्या खाणवाल्याला काठीची गरज नाही, त्याने जमिनीच्या नैसर्गिक खुणा वाचाव्यात. श्रेय खुणा वाचणाऱ्या डोळ्यांचे असते आणि मिळते काठीला.

चाचण्याच झाल्या नाहीत, असे एका पत्रलेखकाने म्हटले आहे. ते बरोबर नाही. 1987-88 मध्ये म्युनिकजवळच्या एका दुमजली कोठारात जर्मन भौतिकशास्त्रज्ञांनी सरकारी पैशातून प्रयोग केले. खालच्या मजल्यावर 10 मीटरच्या रेषेत पाण्याचा पाइप गाड्यावरून हवा तिथे सरकवायचा आणि वर चालणाऱ्याने तो कुठे आहे ते सांगायचे. सुमारे 500 जणांतून निवडलेल्या 43 जणांच्या 843 चाचण्या झाल्या. त्यांतल्या 37 जणांत काही कौशल्य दिसले नाही हे प्रयोग करणाऱ्यांनीही मान्य केले. उरलेल्या सहांत मात्र काही तरी आहे, असा त्यांचा दावा होता. जिम एनराइट या शरीरक्रियाशास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले तेव्हा एका मालिकेत चमकलेला माणूस दुसऱ्या मालिकेत सामान्य ठरत होता. दर वेळी डोळे मिटून ‘रेषेच्या मध्यावर’ असे सांगितले असते, तर त्याच्या तुलनेत सर्वांत चांगला पाणाड्या सरासरी 4 मिलिमीटरने सरस होता. दहा मीटरमध्ये 4 मिलिमीटर! 1990 मध्ये जर्मनीतल्याच कासेल शहरात सुमारे 30 जणांची चाचणी झाली. जमिनीखाली अर्ध्या मीटरवर पाइप होता आणि त्यातले पाणी चालू आहे की बंद, एवढेच ओळखायचे होते. निकाल अंदाजाने सांगावा तितकाच आला.

श्रीलंकेतले उदाहरण विरुद्ध बाजूचे लोक नेहमी देतात आणि ते टाळणे प्रामाणिक होणार नाही. जर्मन मदतीच्या प्रकल्पात एका पाणाड्याच्या सल्ल्याने 691 बोअर खोदल्या गेल्या आणि 96 टक्के यशस्वी झाल्या, असा अहवाल आहे. आकडा मोठा आहे. पण त्याच भागात, त्याच यंत्राने, तितक्याच खोलीपर्यंत काठीशिवाय निवडलेल्या जागी खोदले असते तर किती टक्के यश आले असते? ती तुलना झालीच नाही. तुलनेविना 96 टक्क्यांतला काठीचा वाटा किती, हे कोणीच सांगू शकत नाही.

‘श्रद्धा असेल तर असू द्या, कोणाचे काय बिघडते?’ असे एका वाचकाने विचारले आहे. बिघडते. एडीई 651 नावाचे स्फोटके शोधण्याचे ‘यंत्र’ इराकला विकले गेले होते. प्लॅस्टिकची मूठ, तिला सैल बसवलेली अँटेना. बॅटरी नाही, आत काम करणारे काही नाही. म्हणजे पाणाड्याची सळईच. गोल्फचे हरवलेले चेंडू शोधण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या खेळण्यावरून ती कल्पना उचललेली होती. बगदादच्या नाक्यांवर शिपाई ती हातात धरून गाड्या तपासत होते, आणि त्याच काळात शहरात झालेल्या स्फोटांत शेकडो माणसे मेली. विकणाऱ्या जेम्स मॅककॉर्मिकला 2013 मध्ये ब्रिटनच्या न्यायालयाने 10 वर्षांची शिक्षा दिली. थायलंडने जीटी 200 हे असेच उपकरण घेतले होते. 2010 मधल्या चाचणीत ते 20 पैकी 4 वेळा बरोबर निघाले. नाक्यावरच्या शिपायालाही माझ्या काकांसारखेच ‘हाताला जाणवत’ असणार. त्याचा दोष नव्हता. पण त्याने पुढे सोडलेल्या गाडीत काय होते, हे त्या हाताला कळत नव्हते.

पाणी शोधणाऱ्याच्या बाबतीत जीव जात नाही, पण कर्ज काढून खोदलेली बोअर कोरडी गेली की घर खचते, आणि कोरड्या बोअरची गोष्ट कोणी चारचौघांत सांगत नाही. भूवैज्ञानिकाचा रेझिस्टिव्हिटी सर्व्हेही हमखास नसतो, हेही सांगायला हवे. तो थरांचा विद्युत रोध मोजतो, पाणी नव्हे. चिकणमातीचा थरही पाणी असल्यासारखाच आकडा देऊन फसवू शकतो. फरक इतकाच की तेच मोजमाप दुसऱ्या माणसाने केले तरी साधारण तसाच आकडा येतो, आणि चूक कुठे झाली ते शोधता येते.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे की एखाद्या पाणाड्याच्या यशाची बातमी छापताना त्याने दाखवलेल्या एकूण जागा किती आणि त्यांपैकी कोरड्या किती, हेही त्याला विचारावे. ज्यांना आपल्या काठीची खात्री आहे, त्यांच्यासाठी मी चाचणी मांडायला तयार आहे. झाकण लावलेले 10 सारखे ड्रम, चिठ्ठी काढून त्यांपैकी एकच भरायचा, भरणाऱ्याने निघून जायचे, मग पाणाड्याने यायचे. असे 20 वेळा. आधी सगळी झाकणे उघडी ठेवून काठी भरलेल्या ड्रमवर वळते याची त्यांनी स्वतः खात्री करून घ्यावी, म्हणजे ‘साठलेले पाणी काठीला कळत नाही’ असे नंतर म्हणावे लागणार नाही. नुसत्या नशिबाने सरासरी 2 वेळा बरोबर येईल. 7 किंवा अधिक वेळा बरोबर येण्याची शक्यता हजारात दोन-तीनच आहे. तसे झाले तर माझे म्हणणे चुकले असे मी याच स्तंभात लिहीन आणि चाचणी पुन्हा घ्या म्हणून विद्यापीठाचे दार ठोठवीन. ड्रम माझ्याकडे आहेत. माझा पत्ता आपल्या कार्यालयात दिला आहे. येणाऱ्यांना तो जरूर कळवावा.

आपला,
एक नियमित वाचक