तात्या, पैसे घेतले नाहीत म्हणून हे जाहीर पत्र

ती. तात्यांस, साष्टांग नमस्कार.

माझा पॉडकास्ट, म्हणजे इंटरनेटवरून ऐकायचा कार्यक्रम, तुमच्यामुळे उभा राहिला. त्याचे पैसे द्यायला गेल्या वर्षी तीन वेळा पाकीट घेऊन आले आणि तिन्ही वेळा तुम्ही मला परत पाठवलंत. शेवटच्या खेपेस तर 'पैशे नको, बांगडे दी' म्हणालात आणि डझनभर बांगडे घेऊन सगळा हिशेब मिटवलात. तुमच्या लेखी तो मिटला असेल, माझ्या लेखी नाही. म्हणून चार लोकांसमोर लिहिते आहे. तुम्ही हे वाचणार नाही हे मला ठाऊक आहे, पण तुमचा नातू वाचून दाखवील.

वाचणाऱ्यांसाठी सांगते. तात्यांचा धंदा साउंडचा. मालवणजवळच्या आचऱ्याच्या आसपास कुठेही धयकालो (दशावताराचा खेळ), लग्न, सत्यनारायण असला की कर्णे, माइक आणि केबलचा ढीग घेऊन तात्या टेम्पोतून हजर. 'पॉडकास्ट' हा शब्द २००४ साली वापरात आला, तात्यांचा पहिला कर्णा त्याहून कितीतरी जुना. आणि मी? मुंबईची नोकरी सोडून गावी आलेली, रापणकारांच्या (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणाऱ्यांच्या), पागणाऱ्यांच्या (हाताने जाळं फेकणाऱ्यांच्या), मासे विकणाऱ्या बायकांच्या गजाली, म्हणजे गप्पा, रेकॉर्ड करून पॉडकास्ट काढायचं वेड घेतलेली पोरगी. तेव्हा माझ्याजवळ ऑनलाइन मागवलेला महागडा कंडेन्सर माइक होता, आणि अक्कल मात्र यायची होती.

पहिला भाग आमच्या नव्या स्लॅबच्या घरातल्या हॉलमध्ये केला. खाली चकचकीत टाइल्स, समोर काचेचं कपाट. पाहुणे होते सत्तरीचे एक रापणकार. माइकने त्यांचा आवाज टिपलाच. शिवाय पंखा, शेजारचा कोंबडा, आईचा मिक्सर आणि रस्त्यावरून गेलेली प्रत्येक मोटारसायकलही टिपली. ५२ मिनिटांचा भाग जसाच्या तसा चढवला. भाऊ लोकलमध्ये ऐकत होता, चार मिनिटांनी त्याचा मेसेज आला: 'विहिरीत बसून बोलतेस काय?'

मी सॉफ्टवेअर शोधत बसले. आवाज साफ करणारं, घुमणं काढणारं. कुणीतरी म्हणालं, तात्यांना विचार. मला खरं तर हसू आलं होतं, आता कबूल करते.

तुम्ही आलात, लॅपटॉपकडे बघितलंसुद्धा नाहीत. हॉलच्या मधोमध उभे राहिलात आणि एक टाळी वाजवलीत. टाळीच्या मागून कपाटाच्या काचेवरून किणकिणती शेपटी आली. मग माजघर, मग पडवी, मग शेवटी जुन्या घरातली ती काळोखी खोली जिथे भाताची पोती आणि आजीच्या गोधड्या असतात. तिथे टाळी वाजवलीत तर नुसतं 'टप'. शेपटी नाहीच. 'हयसर बस,' म्हणालात. मी म्हटलं, इथे उंदीर आहेत. 'उंदीर घुमत नाय,' असं तुमचं उत्तर.

तेव्हापासून तीच खोली माझा स्टुडिओ. मऊ आणि ओबडधोबड वस्तू आवाज खातात, गुळगुळीत आणि कडक वस्तू तो परत फेकतात, हे पुढे मी वाचलंही, पण त्या 'टप'ने ते आधीच पटवलं होतं. दोरी बांधून बोलणाऱ्याच्या मागे आणि बाजूला दोन गोधड्या टाकायच्या ही युक्तीही तुमचीच. मला वाटायचं गोधडी माइकच्या मागे हवी. तुम्ही म्हणालात, माइकाचं तोंड जिकडे आहे तिकडची भिंत झाकायची, कारण माइक तिकडचंच ऐकतो.

मग तुम्ही पिशवीतून तुमचा माइक काढलात. जाळी एका बाजूला चेपलेली, पावडर आणि पानाचा वास, कित्येक वर्षं राजाच्या नि राक्षसाच्या तोंडासमोर राहिलेला. साधा डायनॅमिक. माझा कंडेन्सर वाईट नव्हता, पण त्याला बंद, शांत खोली लागते, तो लांबचंही कान देऊन ऐकतो. तुमचा माइक जवळचंच ऐकतो. त्याला इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी डबी) लागला, तेवढाच माझा नवा खर्च.

अंतर तुम्ही बोटांनी मोजून दाखवलंत, चार बोटांपासून एका वितीपर्यंत. माइक तोंडाच्या अगदी समोर नको, गालफडाच्या कोनातून, म्हणजे 'प', 'फ', 'भ' म्हणताना फुंकर थेट जाळीवर बसत नाही. हे मी नंतर मोजून पाहिलं. तोंड आणि माइक यांतलं अंतर निम्मं केलं की आवाज साधारण ६ डेसिबलने चढतो, आणि खोलीचा गोंगाट मात्र होता तिथेच राहतो. म्हणजे वीतभर पुढे सरकणं हे कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा स्वस्त. आणि उलटी चूक: आवाज लाल दिव्यापर्यंत नेऊ नये. सगळ्यात मोठ्या हसण्यालाही काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिला पाहिजे. हळू रेकॉर्ड झालेलं वाढवता येतं, फाटलेलं शिवता येत नाही.

फ्रिजची गोष्ट लिहू नकोस असं आई म्हणाली, तरी लिहिते. रेकॉर्डिंगच्या वेळी फ्रिज बंद करायला तुम्हीच सांगितलंत, कारण तो मधेच गुरगुरायला लागतो. मी बंद केला आणि विसरले. दुसऱ्या दिवशी दोन किलो सुंगटं (कोळंबी) आणि एक अख्खी सुरमई गेली. आईने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला. त्यावर तुमचा उपाय: स्कूटरची चावी फ्रिजमध्ये ठेव. चावीशिवाय घराबाहेर पडता येत नाही, चावी काढताना फ्रिज चालू होतो. थंडगार चावी हातात आली की मला अजून तुम्हीच आठवता.

आणखी एका प्रकरणात मात्र मीच मूर्ख. चाळीस मिनिटं एका काकूंशी बोलले, काय बोलल्या त्या! घरी येऊन ऐकते तर इनपुट लॅपटॉपच्या आतल्या माइकवरच राहिलेला, तुमचा माइक नुसता शोभेला. तुम्ही विचारलंत, 'कानार हेडफोन होतो?' नव्हता. तेव्हापासून नियम: आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करायचं, वाजवून ऐकायचं, मगच पुढे. 'हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग' याला मी आयुष्यभर हसले, आता रोज म्हणते. शिवाय बाजूला मोबाइलही रेकॉर्डिंगला लावून ठेवते, विमान मोडवर. सुरुवातीला एक टाळी वाजवली की नंतर दोन्ही फाइली त्या टाळीवर जुळतात. टाळीचे उपयोग संपत नाहीत.

पण सगळ्यात मोठं देणं वेगळंच आहे. तुम्ही एकदा कोपऱ्यात पोत्यावर बसून माझी मुलाखत ऐकत होता. तो माणूस बोलता बोलता थांबला आणि मी लगेच पुढचा प्रश्न टाकला. तो गेल्यावर म्हणालात, 'माणूस थांबलो म्हणजे संपलो नाय. तू गप रव.' पुढच्या वेळी मी मनातल्या मनात पाचपर्यंत मोजले. चारवर असताना त्या माणसाने स्वतःहून सांगायला सुरुवात केली की वादळात भावाची होडी परत आली नाही ती रात्र कशी गेली. ते मी कधीही विचारू शकले नसते. माझं 'हं, हं, अगदी अगदी' हेही तेव्हाच बंद झालं, आता नुसती मान हलवते. आणि 'तुमच्या जीवनाबद्दल सांगा' असलं काही विचारत नाही. हातात फाटकं जाळं देते, शिवता शिवता बोला म्हणते. हात कामात असले की माइकाची भीती जाते. 'पहिल्यांदा रापण ओढलीत तेव्हा हाताचं काय झालं?' एवढ्या एका प्रश्नावर सात मिनिटं मिळाली, दोरखंडाने सोललेले तळवे, त्यावर खारं पाणी, सगळं.

सुरुवातीला माझं शीर्षकसंगीत आणि स्वागत मिळून दोन मिनिटं चालायचं. तुम्ही टोकलंत तेव्हा मी वाद घातला, की दशावतारातही आधी गणपती, संकासूर, सगळं होतं, मग आख्यान. तुम्ही म्हणालात, 'जत्रेक इलेलो माणूस रातभर बसाक इलेलो असता. तुझ्या आयकणाऱ्याचो अंगठो मोबाइलार असता.' आता वीस सेकंदांत आख्यान सुरू. तेही सिनेमाचं गाणं उचलून नाही, ते हक्कांच्या भानगडीत अडकतं. तुमच्या ओळखीच्या पखवाजवाल्याला आणि पेटीवाल्याला मानधन देऊन, लेखी परवानगी घेऊन रेकॉर्ड केलेलं.

जत्रेत तुम्ही साउंड लावून झाला की खाज्याच्या दुकानापर्यंत चालत जाता आणि तिथून ऐकता. मी विचारलं होतं, का? 'तुझो आयकणारो खय बसलो आसा, थय जावन आयक.' माझा ऐकणारा लोकलमध्ये, एसटीत, नाहीतर स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्टीखाली. म्हणून प्रत्येक भाग चढवण्याआधी मी तो मालवणच्या एसटीत, दीडशे रुपयांच्या इयरफोनवर ऐकते. जिथे शब्द कळत नाही तिथे आवाज वाढवते. आवाजाची एकूण पातळी ॲपलच्या शिफारशीप्रमाणे उणे १६ एलयूएफएसजवळ (कानाला आवाज किती मोठा वाटतो ते मोजायचं हे एकक), आणि फाइल मोनो, म्हणजे एकाच पदराची, सेकंदाला ६४ किलोबिटची, म्हणजे अर्ध्या तासाचा भाग साधारण १४ एमबीत बसतो. आमच्याकडच्या रेंजला तेवढंच झेपतं.

होस्टिंग आणि फीड याबद्दल तुम्ही 'ता तुझा तू बघ' म्हणालात, तर बघितलं. एका होस्टकडे, म्हणजे फाइली सांभाळणाऱ्या सेवेकडे, फाइल चढवायची, तिथून आरएसएस फीड (भागांची आपोआप ताजी होणारी यादी) सगळ्या ॲपना जातो. फीड आपल्या ताब्यात हवा. २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट बंद झालं तेव्हा ज्यांचा फीड स्वतःचा होता त्यांचं काही अडलं नाही. मुखचित्र ३००० बाय ३००० पिक्सेलचं केलं, पण पाहिलं ते नखाएवढं करून, कारण मोबाइलवर ते तेवढंच दिसतं.

पावसाचं तुम्ही सोडवलंत ते मात्र कुणीच सांगितलं नसतं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, म्हणजे सगळे खलाशी घरी, बोलायला मोकळे. आणि नेमका तेव्हाच कौलांवर पाऊस. तो सॉफ्टवेअरने काढायला गेलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो. तुम्ही म्हणालात, पावसाशी भांडू नको. माइक आणखी दोन बोटं जवळ घे, आणि दोन मिनिटं नुसता पाऊस वेगळा रेकॉर्ड करून ठेव. आता कापाकापी केली की जोडांखाली तो पाऊस पसरते, सांधे दिसत नाहीत. ज्या गजालींना शांतता हवीच त्या मे महिन्यातच उरकून सहा भाग शिलकीत ठेवते. आणि भाग येतो दर एकादशीला. ही कल्पनाही तुमचीच, महिन्यातून दोनदा, कुणाला तारीख लक्षात ठेवायला नको. त्या दिवशी आमच्याकडे ताटात मासे नसतात, निदान कानात असतात.

तुमचा माइक अजून माझ्याकडेच आहे. कार्तिकात जत्रा सुरू व्हायच्या आधी आणून देते. केबल कोपरावर गुंडाळलेली नाही, तुम्ही दाखवलीत तशी, एक वळसा सुलटा, एक उलटा. सोडून बघा, पीळ पडणार नाही.

तुमचंच,
पोत्यांच्या खोलीतलं चेडू