गर्भाशय वाचते, पण कळाही सांगा

महोदय,

फायब्रॉइडच्या, म्हणजे गर्भाशयातील कर्करोग नसलेल्या गाठींवर गर्भाशय काढणे हाच उपाय, असे अजूनही अनेकींना सांगितले जाते; वास्तविक धमनी-एम्बोलायझेशनचा (गर्भाशयाच्या धमनीतील रक्तप्रवाह रोखण्याचा) पर्याय १९९५ पासून वैद्यकविश्वाला ठाऊक आहे. जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी गर्भाशयाच्या धमनीपर्यंत नेऊन अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचे कण सोडले, की गाठीचा रक्तपुरवठा तुटतो, ती काही महिन्यांत आक्रसते आणि बहुतेकींचा अतिरक्तस्राव आटोक्यात येतो. मात्र पहिल्या दिवशी ओटीपोटात येणाऱ्या तीव्र कळा, नंतरचा ताप आणि मळमळ यांविषयी मौन पाळून ‘टाके नाहीत’ एवढेच सांगणे अप्रामाणिक वाटते. काहींना पुढे पुन्हा उपचार लागतात. पंचेचाळिशीनंतर कधी पाळी कायमची थांबते. मूल हवे असणाऱ्या स्त्रीने तर केवळ गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेचीही माहिती घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

– एक वाचक